कॅसेटच्या दुकानाबरोबर काय गेले?

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना गाणे ऐकण्याचे आणि त्याहून जास्त ऐकवण्याचे वेड होते. म्हणून यंदा विषय ठरवताना मी गाणाऱ्यांकडे गेलो नाही, गाणे विकणाऱ्यांकडे गेलो. गायकांवर बोलणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्यांवर कोणी बोलत नाही.

रामआळीतून गोखले नाक्यापर्यंत एक फेरी मारा आणि ध्वनिमुद्रित गाणी विकून संसार चालवणारे एक तरी दुकान दिसते का, ते मला सांगा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे शोधावे लागत नव्हते. गणपतीच्या आधी बाजारात शिरले की एका दुकानातून आरत्या ऐकू यायच्या, दुसऱ्यातून नव्या सिनेमाची गाणी, आणि एसटी स्टँडकडे वळले की जाखडीची ढोलकी आणि झांजा. आता बाजारात तेवढेच, किंबहुना जास्त आवाज आहेत; पण विकायला ठेवलेला आवाज नाही.

तरुण मंडळी मला विचारतात, गाणी तर कुठे गेली नाहीत, सगळी फोनमध्ये आहेत, फुकट आहेत, मग दुकान गेल्याचे दुःख कशाला? प्रश्न रास्त आहे. लता मंगेशकरांचे गाणे ऐकायला आज कोणाला दुकानाची पायरी चढावी लागत नाही, आणि हे चांगलेच झाले. शंभर रुपये खर्च करताना दहादा विचार करणाऱ्या घरातला मुलगा आज कुमार गंधर्व हवे तितके ऐकू शकतो. याबद्दल माझ्या मनात कसलीही कुरकुर नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. मोठ्या कंपन्यांची, मोठ्या कलावंतांची गाणी टिकली. जी गाणी केवळ या छोट्या दुकानांच्या आधाराने छापली, विकली आणि ऐकली गेली, ती आज कुठे आहेत? आणि त्यांतली बरीचशी आपल्या जिल्ह्याची होती. हेच मला आज सांगायचे आहे.

थोडे मागे जाऊ. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. त्या पहिल्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून इकडे यायच्या. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकडी देशी झाली. ती लाखेची असे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावायचे. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तेवढ्यात सगळे सांगून संपवावे लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ते कसे साधले, हे त्यांच्या तबकड्या आजही सांगतात.

आपल्याकडे मुंबईचा बहुतेक माल तेव्हा आगबोटीने यायचा. लाखेची तबकडी पडली की फुटायची. बोटीतून पडावात, पडावातून धक्क्यावर, तिथून बैलगाडीत, असा प्रवास करून जी धड उरेल ती विकायची. त्यामुळे केवळ तबकड्यांवर दुकान चालवणे छोट्या गावात कोणाला परवडणारे नव्हते. घड्याळे दुरुस्त करणारा, पुढे रेडिओ विकणारा, स्टेशनरीवाला असा कोणीतरी एक फडताळ तबकड्यांना देई. परदेशात साखळीत नसलेल्या स्वतंत्र दुकानांना मोठ्या साखळी दुकानांशी झगडावे लागले, त्यावर तिथे पुस्तके लिहिली गेली. आपल्याकडे मुळात स्वतंत्र दुकानेच होती. साखळी दुकाने मोठ्या शहरांत आली तीच मुळी नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि या दुकानांच्या आगेमागेच संपली.

त्या फडताळातून गावात काय आले, याचा विचार करा. नाटक मंडळी वर्षातून एकदा यायची, कधी यायचीही नाही. सावरकरांनी इथे स्थानबद्धतेत असताना लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ 1931 साली दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटक लिहिले गेले आपल्या गावात, पण दीनानाथांचा गळा पुन्हा पुन्हा ऐकायची सोय कोकणातल्या माणसाला दिली ती तबकडीने. बालगंधर्वांना कधीही न पाहिलेल्या माणसांना त्यांच्या पदांतली प्रत्येक जागा पाठ होती, ती याच मार्गाने. एच.एम.व्ही.त अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम पाहिलेल्या जी. एन. जोशींचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाचले तर कलावंताला ध्वनिक्षेपकासमोर बसवण्यासाठी काय काय करावे लागे, ते कळते. तबकडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिला योग्य कानापर्यंत नेणाऱ्या माणसाचे पुस्तक मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. त्याची आठवण ज्यांना आहे, त्यांनीच ती सांगायला हवी. म्हणून थोडे माझे सांगतो.

मी शाळेत असताना बाजारातल्या अशा एका दुकानात जायचो. दुकानदाराचे नाव घेत नाही, त्यांच्या घरच्यांना ते आवडेल की नाही मला माहीत नाही. काउंटर अरुंद, मागे छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर कॅसेटींचे कणे बाहेर करून लावलेले. माझ्याकडे पैसे नसायचे, हे त्यांना माहीत होते. तरीही ते मला उभे राहू द्यायचे. गिऱ्हाईक यायचे आणि गाण्याचे नाव न सांगता चाल गुणगुणायचे. चाल चुकीची, शब्द अर्धे. ते क्षणभर डोळे मिटून ऐकायचे आणि फळीवरून कॅसेट काढायचे. कोणी नुसते ‘भीमसेनांचे काहीतरी द्या’ म्हणाले, तर विचारायचे, ‘सकाळी ऐकणार की रात्री?’ मग त्याप्रमाणे राग. कोणी ‘अभंग हवेत’ म्हणाले, तर घरात म्हातारे माणूस आहे का, भजनी मंडळासाठी हवेत का, हे विचारून मगच हात वर जायचा. भजनी मंडळाला चाल उचलता यायला हवी, हे त्यांना कळायचे.

संगतीला कोण आहे, हे ते कव्हर न उघडता सांगायचे. मराठी नाट्यसंगीताच्या कॅसेटवर ऑर्गन-हार्मोनियमला गोविंदराव पटवर्धन असले की ते ती कॅसेट जरा वेगळ्या आवाजात पुढे करायचे. ‘बाजा ऐक,’ म्हणायचे, ‘गाणे आपोआप कळेल.’ साथीदाराकडे लक्ष द्यायला मला शिकवले ते त्या काउंटरने. आज माझ्या फोनमधली यादी मला गायकाचे नाव देते, सिनेमाचे नाव देते. तबल्याला कोण बसले होते ते बहुतेक वेळा देत नाही. कॅसेटच्या आतल्या त्या घडीच्या कागदावर निदान ते छापलेले असे.

आणि ते कॅसेटी भरून द्यायचे. तुम्ही वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी यायचे. कायद्याच्या दृष्टीने हे योग्य नव्हते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. गीतकार-संगीतकारांच्या हातात त्यातून काही पडत नव्हते. पण यादी घेताना ते हमखास म्हणायचे, ‘या गाण्यानंतर ते नको, मूड जातो.’ आणि शेवटी दोन-तीन मिनिटे फीत उरली तर स्वतःच्या आवडीचे काहीतरी भरून द्यायचे. कितीतरी घरांत शोभा गुर्टूंची पहिली ठुमरी अशी उरलेल्या फितीवर आली असेल.

आता कॅसेटकडे येतो, कारण कोकणापुरते बोलायचे तर खरी क्रांती तबकडीने केली नाही, कॅसेटने केली. फिलिप्सने 1963 मध्ये ती जगापुढे आणली. आपल्याकडे ती घराघरांत शिरली सत्तरच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात. राजिवड्यातले, मिरकरवाड्यातले, दापोली-खेडच्या खाडीकाठच्या गावांतले लोक आखातात कामाला गेले आणि सुट्टीवर येताना खांद्यावर जपानी टू-इन-वन घेऊन आले. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येताना टेप आणू लागला. वीज नसलेल्या वाडीतही सेलवर ती वाजायची. तबकडी सुस्थितीतल्या माणसाच्या दिवाणखान्यात राहिली; कॅसेट गोठ्याच्या पडवीपर्यंत पोचली.

त्याच सुमारास टी-सीरिजने बाजारात स्वस्त कॅसेटींचा पूर आणला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने 1993 मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेटींवर एक मोलाचा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कॅसेट काढायला भांडवल कमी लागते म्हणून एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि ज्या बोलीला, ज्या गाण्याला मोठ्या कंपनीने कधी दारात उभे केले नसते, ते गाणे छापले जाऊ लागले. त्याने भोजपुरी, ब्रज, पंजाबी यांची उदाहरणे घेतली. कोकणातही हेच घडले. मुंबईतल्या ‘विंग्ज’, ‘कृणाल’ यांसारख्या मराठी कंपन्यांनी कोळीगीते, लोकगीते, भीमगीते घरोघर नेली. आणि त्यांच्याही खाली, अगदी छोट्या पातळीवर, आपले शक्ती-तुरेवाले, म्हणजे जाखडी गाणारे शाहीर कॅसेट काढू लागले.

हे नीट समजून घेतले पाहिजे. जाखडी ही समोरासमोर उभी राहून करायची कला. शाहीर गण म्हणतो, गवळण म्हणतो, मग प्रतिपक्षाला सवाल टाकतो. पुराणातला, गणिताचा, कधी गावच्या चालू राजकारणाचा. उत्तर तिथल्या तिथे बांधायचे. रात्र संपली की ते सगळे हवेत विरायचे. हजारो पदे अशी गेली. शाहिराची वही त्याच्या शिष्याकडे, नाहीतर वाळवीकडे. कॅसेट आली आणि पहिल्यांदा शाहिराची चाल, त्याचा दम, झीलकऱ्यांची साथ, त्याच्या गावची बोली हे सारे धरून ठेवता आले. लांज्याचा, संगमेश्वरचा, गुहागरचा शाहीर आपल्याच आवाजात लालबाग-परळच्या खोलीत पोचला. नमन या आपल्या लोकनाट्याच्याही कॅसेटी निघाल्या, त्यातल्या संकासुराच्या बोलण्यावर अख्खी एसटी हसायची. मालवणी मुलखात ‘वस्त्रहरण’ची कॅसेट ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही त्यांनाही तोंडपाठ झाली.

या कॅसेटींना जाहिरात नव्हती. त्यांचे प्रकाशन, वितरण, समीक्षा सगळे त्या काउंटरवर व्हायचे. शाहिराचा माणूस पिशवीतून कॅसेटी आणून दुकानात ठेवायचा, विकल्या गेल्या तर पुढच्या खेपेला पैसे न्यायचा. दुकानदार ती सकाळी लाऊडस्पीकरवर लावायचा, आणि खेड्यातून बाजाराला आलेला माणूस रस्त्यात थबकायचा, कारण आवाज ओळखीचा होता. कुठल्या शाहिराची यंदाची कॅसेट चांगली, कोणाची नुसती गेल्या वर्षीचीच चाल, हे दुकानदाराला गिऱ्हाइकांकडून कळायचे आणि तो ते शाहिराला सांगायचा. आपल्या लोककलेला तिच्या श्रोत्यांचे मत नियमितपणे कळण्याची दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

मग हे सगळे संपले कसे? एका फटक्यात संपले नाही. आधी सीडी आली. ती महाग होती आणि छोट्या शाहिराला झेपणारी नव्हती. पाठोपाठ व्हीसीडीवर काही वर्षे जाखडी-नमनाचा धंदा टिकला. मग एमपी-थ्री सीडी आली, एका चकतीवर शे-दीडशे गाणी, फूटपाथवर मिळणारी. तिच्यापुढे दहा गाण्यांच्या कॅसेटचा भाव कोण देणार? यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत दुःखाचा वाटतो. मोबाईलमध्ये मेमरी कार्ड आले आणि ज्या माणसाने आयुष्यभर निवडून गाणी दिली, तो दहा-वीस रुपयांत कार्ड भरून देऊ लागला. निवड संपली. संगणकातला अख्खा गठ्ठा उचलायचा आणि ओतायचा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटा जवळजवळ फुकट केला आणि कार्ड भरायचीही गरज उरली नाही. दुकानांनी रिचार्ज, मोबाईल कव्हर, झेरॉक्स यांचा आसरा घेतला. त्यांना दोष देता येणार नाही. पोट चालवायचे होते.

मुंबईत काळा घोड्याजवळ 1948 पासून उभे असलेले ‘ऱ्हिदम हाऊस’ फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस बंद झाले. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या त्या दुकानातून भल्याभल्या गायक-वादकांनी खरेदी केली होती; वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. पुढे ती जागा हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि 2018 मध्ये बँक घोटाळा उघडकीस आल्यावर तिच्यावर जप्ती आली. पुण्यात सुरेश अलूरकरांनी आपल्या संगीताच्या दुकानाच्या पुढे जाऊन स्वतःच ध्वनिमुद्रिका काढल्या. गजाननबुवा जोशी, शरच्चंद्र आरोलकर यांच्यासारख्यांचे गाणे मोठ्या कंपन्यांनी खपाच्या हिशेबात बाजूला ठेवले असते. अलूरकरांनी ते जाणकार टिपणांसह लोकांना दिले. दुकानदार हा प्रकाशक होऊ शकतो, याचे इतके उत्तम उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. या दोन्हींबद्दल निदान लिहिले तरी गेले. जिल्ह्याच्या गावातले दुकान बंद झाले तेव्हा शटरवर ‘दुकान भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली, एवढेच.

बाहेरच्या जगात काय झाले ते दोन वाक्यांत सांगतो. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्स ही प्रचंड साखळी 2006 मध्ये बुडाली. तिथल्या स्वतंत्र दुकानदारांनी 2008 पासून वर्षातला एक दिवस ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली, आणि 2020 मध्ये तिथे तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली. हे ऐकून आपल्याकडे कोणी म्हणतात, बघा, तबकडी परत येते आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांसाठी येत असेल. त्यांना माझ्या शुभेच्छा. पण एका नव्या तबकडीला हजारो रुपये मोजणाऱ्यांच्या जोरावर कोकणातल्या बाजारपेठेत दुकान उभे राहणार नाही. आणि राहिले तरी त्यात संगमेश्वरचा शाहीर नसेल.

कोणी म्हणेल, जाखडी तर यूट्यूबवर भरपूर आहे. आहे, आणि ती मीही ऐकतो. आजचे तरुण शाहीर तिथे जोमाने गात आहेत, लाखांनी लोक पाहत आहेत, याचा मला आनंद आहे. पण तिथे जे आहे ते मुख्यतः गेल्या दहा-बारा वर्षांतले. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ज्यांनी गायले, ज्यांचे शिष्य आज गात आहेत, त्या गुरूंचा आवाज त्या छोट्या कॅसेटींतच अडकून आहे. काढणाऱ्या कंपन्या राहिल्या नाहीत, मूळ फिती कुठे आहेत त्याचा पत्ता नाही. कव्हरवर साल नाही, कधी वादकाचे नाव नाही. आणि आपल्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या वर. चुंबकीय फितीला दमट हवेइतका वाईट शत्रू नाही; तिच्यावर बुरशी धरते, थर सुटतो, आणि एकदा थर सुटला की आवाज कुठल्याही यंत्राने परत येत नाही.

मुंबईत 1990 मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ असलेले सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या केल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, आणि भंगारात जाणारे कितीतरी आवाज वाचवले. हे काम त्यांनी सरकारी अनुदानाची वाट न पाहता, नोकऱ्या सांभाळून केले. तबकडीला असे संग्राहक लाभले. कोकणच्या कॅसेटला अजून लाभलेले नाहीत.

म्हणून या गावाकडे माझे एक मागणे आहे. रत्नागिरीत 1828 पासून चालत आलेले नगर वाचनालय आहे. इथे आर्ट सर्कल आहे, थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरवणारी. नाट्यसंगीतासाठी झटणारी ‘खल्वायन’ आहे. महाविद्यालये आहेत, आकाशवाणीचे केंद्र आहे. यांपैकी कोणीही एकाने पुढाकार घ्यावा आणि बाकीच्यांनी हात द्यावा, असे एक ध्वनिदालन इथे व्हावे. त्याला मोठी इमारत नको. एक कोरडी खोली, आर्द्रता कमी करणारे एक यंत्र, दोन चांगले कॅसेट डेक, एक संगणक, आणि हे काम मनापासून करणारी दोन माणसे. शक्ती-तुरा, नमन, भजन, कीर्तन, कव्वाली, कोळीगीते, गावातल्या मैफलींची खाजगी मुद्रणे, जे येईल ते घ्यावे, उतरवावे, आणि सोबत नोंद ठेवावी: कोण गाते, कुठल्या गावचे, साथीला कोण, कोणत्या सणाला. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्याने प्रकाशनापासून 60 वर्षे असतो, त्यामुळे सरसकट सगळे इंटरनेटवर टाकता येणार नाही. शाहिराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी, त्यांना मान द्यावा, आणि तोवर निदान दालनात बसून ऐकायची सोय करावी.

या कामात पहिला मदतनीस मी सांगतो. ज्यांची कॅसेटची दुकाने होती, त्यांतले काही जण अजून आपल्यात आहेत. कोणाचे वय सत्तर, कोणाचे ऐंशी. कोणत्या कॅसेटवर कोणाचा आवाज आहे, ती कोणत्या साली आली, कोणाच्या बदली कोण गायला, हे त्यांना विचारा. त्यांच्या शेजारी एक मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसवा. ही माहिती कुठेही छापलेली नाही.

आणि आपणा प्रत्येकाला एक विनंती. घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढा. त्यातल्या कॅसेटी उन्हात टाकू नका, जुन्या टेपवर लावूनही पाहू नका. फीत चिकटली असेल तर ती तुटेल. कोरड्या कापडाने पुसा, उभ्या ठेवा, आणि तुम्हाला ठाऊक असेल ते नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून आत घाला. हे पावसाआधी करा.